आमच्या गावात १९३० साली कुठली जमीन कोणाकडे होती? नकाशा करतोय, अडलोय

कातळसडा | ७ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खाडीकाठी. नाव मुद्दाम देत नाही. भावकीतली दोघं तरी इथे येतात आणि एक दावा कोर्टात आहे. मी डोंबिवलीला असतो, गावाला जाणं शिमगा आणि गणपती एवढंच.

यंदा शिमग्याला पालखी घरातून हलली आणि काका नि शेजारचे अण्णा यांची एका गडग्यावरून (दगड रचून घातलेलं कुंपण) जुंपली. गडगा कोणाच्या पणज्याने घातला यावर. दोघांच्याही हातात सातबारा, दोन्ही सातबाऱ्यांवर सामाईकात पन्नासेक नावं, त्यातली निम्मी मयत. गडग्याबद्दल त्यातून काही कळण्यासारखं नव्हतंच. तेव्हा डोक्यात आलं की मागे जाऊन बघावं. एकट्या गडग्याचं नाही, सगळ्या गावाचं. १९३० च्या सुमाराला कुठला तुकडा कोणाकडे असावा, असा नकाशा.

गावात ८६ सर्व्हे नंबर, हिस्से धरून सहाशेच्या वर. गट नंबर नाहीत, आमच्याकडे एकत्रीकरण झालंच नाही. भूमी अभिलेखातून गाव नकाशाची नक्कल काढली, एका इंचाला वीस साखळ्या. ती स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहाच्या चित्रावर बसवली. हिस्से फाळणी नकाशांवरून (पोटहिश्शांचे नकाशे) काढले, फाळणी नाही मिळाली तिथे टिपणावरून, म्हणजे मोजणीच्या कच्च्या चित्रावरून. मग प्रत्येक हिश्शाचा आजचा सातबारा घ्यायचा आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांना (हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर) धरून एकेक नोंद मागे जायचं. चारशे हिस्से झालेत. ज्यांची नोंदींची साखळी १९३० पर्यंत न तुटता जाते ते गडद हिरवे. मधली एखादी नोंद गहाळ पण आडनाव तेच, ते फिके हिरवे. नुसता अंदाज असेल ते रेघारेघांचे.

अडलोय दोन ठिकाणी. एक ६३/५, आमचीच खारीची जमीन (खाडीकाठी बांध घालून केलेली), छत्तीस गुंठ्यांच्या आसपास. नकाशा कसाही बसवला तरी तिचा अर्ध्याहून जास्त भाग खाडीच्या पाण्यात जातो. दुसरं म्हणजे जसजसा मागे जातोय तसतसं एकाच घराण्याचं नाव सगळीकडे यायला लागलंय. खोताचं. अर्धा नकाशा एकाच रंगाचा होणार असेल तर एवढा उपद्व्याप कशाला केला, असं झालंय.

खेकडा | ७ मे, रात्री ११:४१

खाडीत जमीन आहे म्हणजे पीकपाहणीत कोळंबी लागणार. हलकेच घ्या. वाचतोय.

शंकूसाखळी | ८ मे, सकाळी ६:१५

एकतीस वर्षं मोजणीत काढली, त्यातली एकोणीस कोकणात. खोताचं नंतर बघू. नकाशा बसवताना कुठल्या खुणा धरल्यात?

कातळसडा | ८ मे, सकाळी ९:०२

ग्रामदेवतेचं देऊळ, शाळा, पूल आणि एसटीचा थांबा. चार कोपऱ्यांत चार.

शंकूसाखळी | ८ मे, दुपारी १:३०

पूल कधीचा? थांबा कधीचा? मूळ नकाशा झाला तेव्हा यातलं एक देऊळ सोडून काही नव्हतं. म्हणजे नकाशावरची गाडीवाट तुम्ही आजच्या डांबरी रस्त्यावर टेकवलीत. आणि देवळाचा जीर्णोद्धार झाला असेल तर सभामंडप पुढे किती आला तेही विचारा.

धरायचं असेल तर तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ते दगड धरा. जुन्या विहिरी धरा. पऱ्ह्या (ओढा) कातळातून वाहतो तिथे जागा सोडत नाही, तो धरा. मातीतून वाहतो तिथला नको. चार बिंदूंनी भागत नाही, बारा-पंधरा घ्या आणि तेही गावभर पसरलेले. सगळे वाडीत गोळा करून सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) एकही नाही, असं करू नका.

आणखी एक. इंचाला वीस साखळ्या म्हणजे इंचाला ६६० फूट. तुमच्या नकलेवरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर ती चार मीटरची होते. एवढ्यात दोन गडगे बसतात. गाव नकाशा शेजार सांगतो, हद्द टिपण सांगतं. ६३ चं टिपण इथे चढवा, नावं झाकून.

कातळसडा | ८ मे, रात्री १०:१०

टिपणाचा फोटो चढवलाय. पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: हे हाताने काढलेलं कच्चं चित्र असतं, स्केलवर नसतं. त्यामुळे आकार दिसतो तसा घ्यायचा नाही, बाजूला लिहिलेले आकडे घ्यायचे. ६३/५ च्या चार बाजू मी अशा भरल्या: ७.१२, ४.९, ७.४, ५.१. साखळीला ३३ फूट धरून गुणलं.

शंकूसाखळी | ९ मे, सकाळी ६:०५

सापडलं. अहो, ते सात दशांश बारा नव्हे. ७-१२ म्हणजे सात साखळ्या बारा आणे.

शंकू साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. रुपयासारखंच. एक आणा दोन फुटांहून जरासा जास्त. बारा आणे म्हणजे पाऊण साखळी, तेव्हा ७-१२ झाले पावणेआठ साखळ्या, २५५ फूट ९ इंच. तुम्ही धरलेत २३५ च्या आत. एका बाजूचे एकवीस फूट गायब. आता समोरची बाजू बघा. ७-४ म्हणजे सव्वासात. तुम्ही ७.४ धरून तिथे पाच फूट वाढवलेत. एक बाजू आखडली, समोरची ताणली, म्हणून तुकडा फिरून बसला. ४-९ आणि ५-१ चंही तेच, फक्त तिथे दोन्ही बाजू ताणल्या गेल्यात, नीट करून घ्या.

साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यामुळे साखळ्यांतच गुणलंत तर क्षेत्र थेट गुंठ्यांत येतं, फुटांत जायची गरजच नाही. ६३ चं गुणाकार बुक मिळालं तर त्यात हाच हिशोब त्रिकोण पाडून केलेला असेल. ताडून बघा.

खेकडा | ९ मे, सकाळी ८:२०

म्हणजे माणसाने खरोखरच सातबारा चुकीचा वाचला.

शंकूसाखळी | ९ मे, सकाळी ८:५५

हसू नका, यापेक्षा मोठी चूक रोज होते. जुन्या सातबाऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नव्यावर हेक्टर-आरमध्ये. जुन्या कागदावर १-१० असेल तर ते पन्नास गुंठे. नव्यावर १-१० म्हणजे एकशे दहा आर. गुंठा आणि आर जवळपास सारखेच (गुंठा १०१ चौरस मीटर, आर १००), त्यामुळे नुसत्या गुंठ्यांची जमीन असेल तर फरक कळत नाही आणि लोक गाफील राहतात. एक आकडा पुढे आला की दुपटीहून जास्त घोळ. भावाभावांची तोंडं फिरलेली पाहिलीत मी यावरून.

बोरूचीशाई | ९ मे, दुपारी ४:४०

आता खोताकडे वळते. मी मोडी शिकवते आणि दक्षिण कोकणातली जुनी दफ्तरं वाचते.

कातळसडा, तुम्हाला एकच रंग दिसतोय कारण तुम्ही एकच प्रश्न विचारताय. "मालक कोण" हा आजचा प्रश्न. १९३० च्या खोती गावात त्याच तुकड्यावर तीन माणसं उभी असायची, आणि तिघंही आपापल्या परीने "जमीन माझी" म्हणायची.

खोत गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरायचा. १८८० चा खोती कायदा रत्नागिरी जिल्ह्यासाठी झाला, त्यात हे सगळे प्रकार बांधून दिले. खोताची स्वतःची ती खोती खासगी. खोताकडेच पण कुळांकडून कसून घेतलेली ती खोती निसबत. धारेकरी सरकारने ठरवलेला धारा तेवढा भरायचा. तो खोताच्या हातून जायचा, पण त्यावर खोताला काही घेता येत नसे. आणि मग कुळं. त्यांच्यातही पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेली वेगळी, आणि वर्षावर्षाच्या बोलीवर कसणारी वेगळी. पहिल्या प्रकाराची वहिवाट वारसाने चालायची. दुसऱ्याची खोताच्या मर्जीने.

तेव्हा तीन थर करा. सारा कोणाच्या नावे, कायम वहिवाट कोणाची, आणि नांगर कोणाचा. पहिला थर एकरंगी होईलच. तिसरा बघा कसा गोधडीसारखा दिसतो ते.

तिसऱ्यासाठी फेरफार पुरणार नाहीत. बोटखत शोधा. खोती गावांच्या मोजणीच्या वेळी केलेलं पत्रक: कुठल्या नंबरात कोण, आणि तो खोताला काय देतो. आमच्याकडच्या एका गावाच्या बोटखतात तर धान्याचे आकडे आहेत, मण-पायलीत. बहुतेक मोडीत असतं, पण घाबरू नका. मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि मग तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. सुरुवातीला सगळं एकच लांबलचक अक्षर वाटतं. आडनावं थोडी, गावही तुमचंच, दहा पानांनंतर डोळा बसतो. "बिन" म्हणजे मुलगा. गोविंद बिन रामा म्हणजे रामाचा गोविंद. एका हौशी मुलाने याच बिनला आडनाव समजून गावात "बिन" नावाचं मोठं घराणं उभं केलं होतं, अडतीस खात्यांचं!

सन फसली (जुन्या महसुली कालगणनेतला) असेल तर त्यात ५९० मिळवा. १३४० फसली म्हणजे तुमचं १९३०.

कातळसडा | ९ मे, रात्री ११:५०

बोरूचीशाई ताई, काय सांगू, माझ्या फायलीत "बिन" नावाचे एकोणतीस हिस्से आहेत. उद्या नीट करतो.

तीन थरांचं पटलं. खोतांच्या विरोधातला संप मी शाळेत वाचला होता तो चरीचा, अलिबागेकडचा, १९३३ चा. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं तेही माहीत होतं. पण आपल्याच पऱ्ह्यापलीकडची जमीन त्यात येते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

काळाकोट | १० मे, सकाळी १०:३०

कौतुक नंतर. आधी धोक्याची सूचना.

"गडद हिरवा" हा रंग काढून टाका किंवा त्याला दुसरं नाव द्या. साखळी न तुटता १९३० पर्यंत जाते म्हणजे नोंदी सलग आहेत, एवढंच. हक्काचं पत्रक मुळात १९०३ च्या कायद्याने सुरू झालं, सारा कोणाकडून घ्यायचा ते कळावं म्हणून. पहिली नोंद कशी झाली? तलाठी चावडीत बसला, चार माणसांनी सांगितलं, त्याने लिहिलं. त्या वेळी मुंबईत गिरणीत असलेल्या भावाचं नाव राहिलं ते राहिलंच. पुढच्या नव्वद वर्षांच्या सगळ्या नोंदी त्या एका दुपारवर उभ्या.

कायदा काय म्हणतो तेही लक्षात असू द्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली (म्हणजे हक्काच्या पत्रकातली) नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टात. तुमचा नकाशा तिथे पुरावा म्हणून नेलात तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत आणे-दशांश काढेल.

आता कामाचं. मागे जाताना दोन ठिकाणी धाप लागेल. खोती नाहीशी झाली १९४९ च्या कायद्याने, त्याच्या नोंदींचा एक लोट येतो. दुसरा त्याहून मोठा, कूळकायद्याचा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. मग त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली आणि पैसे भरल्यावर कलम ३२म चं प्रमाणपत्र. आज ज्याला आपण मालक म्हणतो त्याचा हक्क कित्येक ठिकाणी इथून सुरू होतो. त्यामुळे १९५७ ची नोंद दिसली की तिथे साखळी तुटली असं समजू नका. तिथे वरचा थर गळून पडला आणि खालचा वर आला. बोरूचीशाईंचे तीन थर इथे जुळवा, तुमची अर्धी गहाळ नावं त्या फेरफारांतच सापडतील.

आणि सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना सोडू नका. त्यात मेलेली माणसं जिवंत सापडतात.

हापूसवाली | १० मे, दुपारी २:१५

इतर हक्कावरून आले. मी देवगडची, बाग स्वतः बघते. आमच्या सातबाऱ्यावर माझ्या दोन आत्यांची नावं वर कबजेदारात नाहीत, खाली इतर हक्कात टाकलेली आहेत. जुन्या काळी मुलींना असंच खाली बसवायचे. त्यातल्या एकीने हक्कसोड लिहून दिलं, दुसरीने नाही दिलं, आणि बरंच केलं.

पण कातळसडा, तुमच्या नकाशात एक गोष्ट मुळातच राहिलीय. झाडं! कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं, हे कितीतरी ठिकाणी आहे. वाटणी करताना जमीन मोठ्याला आणि त्यातली पाच कलमं धाकट्याला. आमच्या बांधावरचा एक रायवळ आंबा तर चार घरांत वाटलेला. फांदीप्रमाणे नाही हो, सालाप्रमाणे, पाळीने. यंदाचं साल आमचं होतं, आणि नेमका मोहर जळला. अशा नोंदी इतर हक्कातच असतात, "आंब्याची झाडे ३ अमुकची". ती बिंदू म्हणून टाका नकाशावर. १९३० ची कलमं आजही उभी असतील, माणसं नसली तरी.

माडाखाली | १० मे, रात्री ९:००

तुमची गजाल वेगळी, आमची वेगळी. आमचा सावंतवाडी संस्थान, १९४८ साली विलीन झाला. कागद वेगळे, रीत वेगळी. थंय खोत-बित नाय. आंबोली, चौकूळ, गेळे हय कबुलायतदार गावकरांची जमीन. अख्ख्या गावाची म्हणान धरलेली, एकाच्या नावार नाय. त्येचो नकाशा कसो करतलास? एकच रंग मारूचो आणि वर लिवूचा, "हेंची सगळ्यांची". भांडाण मात्र वाड्यावाड्यांनी.

कातळसडा | १० मे, रात्री ११:१५

मामा, आमच्याकडेही एक अर्धा सर्व्हे नंबर देवाच्या नावे आहे, त्याला रंगच दिलेला नाही. आणि दोन हिस्से आकारीपड म्हणून सरकारजमा. सारा थकला म्हणून गेले, कसणारे मात्र तेच राहिले.

हापूसवाली ताई, झाडांचा थर चालू केला. आत्तापर्यंत ५४ झाडं. सगळ्यात मजेशीर नोंद: "फणस १, कापा, घराच्या मागे". कोणाच्या घराच्या, ते नाही.

परतीचीगाडी | ११ मे, सकाळी ७:४५

धागा मस्तच, पण एक विचारू? हे सगळं नावांसकट नेटवर टाकणार आहात का? महामार्गाच्या वेळी आमच्या गावात दलाल नुसत्या सातबाऱ्यावरून कोणाचा वारस मुंबईत हरवलाय ते हुडकत आले होते. तुम्ही तर त्यांना ताटच वाढून देताय.

काळाकोट | ११ मे, सकाळी ९:१०

सहमत. "इथे १९३० ला अमुक कूळ होतं" हे वाक्य काही लोकांच्या हातात पडलं तर उद्या तुमच्या दारात उभे राहतील. दावा टिकेल की नाही हा नंतरचा भाग. नोटीस यायला खर्च लागत नाही.

कातळसडा | ११ मे, दुपारी १२:३०

नावं नाही टाकणार. नेटवर फक्त नकाशा बसवण्याची आणि टिपण वाचण्याची रीत. गावाची फाईल घरच्या मशीनवर.

कातळसडा | २६ मे, रात्री १०:००

बरेच दिवस गायब होतो. आंब्यांचं निमित्त करून गावी जाऊन आलो. एक टेप, टिपणाची नक्कल, चुलतभाऊ.

आधी नकाशा. शंकूसाखळींनी सांगितल्याप्रमाणे तीन शिवांचा दगड शोधला. करवंदीच्या जाळीत होता, अर्धा पुरलेला. हात रक्ताळले. सड्यावरच्या दोन विहिरी, पऱ्ह्याचे कातळातले तीन फाटे असं करत चौदा बिंदू झाले. मेच्या शेवटी गवत पार सुकलेलं असतं, त्यामुळे उपग्रहाच्या चित्रातही गडगे काळ्या रेघांसारखे उठून दिसतात. सप्टेंबरच्या चित्रात सगळं हिरवं, काही कळत नाही. (हे आधी कळलं असतं तर दोन महिने वाचले असते. चित्राची तारीख बघून घ्या.) आता टिपणाच्या रेघा आणि गडगे बऱ्याच ठिकाणी एकावर एक बसतात, सड्यावर तर हातभराच्या फरकाने.

बोटखताची नक्कलही मिळाली. कुठल्या कचेरीतून ते लिहीत नाही. पहिल्या खेपेला असं पुस्तकच नाही म्हणाले, दुसऱ्या खेपेला निघालं, मधलं एक पान नव्हतं. बोरूचीशाई ताईंनी सहा पानं फोनवर वाचून दिली, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आता ६३/५. आणे नीट केले, बिंदू बदलले, सगळं पुन्हा बसवलं. तुकडा वीस फूट सरकला आणि सरळ झाला. पण खाडीतून बाहेर आला नाही. अर्धा अजून पाण्यातच.

शंकूसाखळी | २७ मे, सकाळी ६:१०

तिथे कुठे उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) होती का? जुन्या माणसांना विचारा. आणि अमावास्येच्या ओहोटीला जाऊन बघा. भरतीला जाऊन उपयोग नाही.

कातळसडा | १७ जून, रात्री ११:३०

अमावास्येला पुन्हा गेलो. एसटीने, एका दिवसासाठी, बायको अजून बोलत नाही.

पाणी पार उतरलं होतं. काका पुढे, मी मागे, गुडघाभर चिखलात. कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांतून वाट काढत गेलो आणि एका ठिकाणी काका थांबले. पायाखाली दगड लागले. जांभ्याचे, रचलेले, शेवाळलेले. बांध होता तो. टेप धरली. कोपऱ्यापासून जिथे रांग तुटते तिथपर्यंत २५२ फूट भरली, टिपणावर २५५ फूट ९ इंच. बांधाला मधे मोठी खांड. तिच्या कडेला उघाडीच्या चौकटीचं एक लाकूड चिखलात उभं आहे अजून, वीतभर वर.

काका म्हणाले, त्यांच्या लहानपणी इथे खारं भात व्हायचं. दरवर्षी बांधाला चिखल चढवायला गावातली सगळी कुळं यायची. खोत बोलवायचा म्हणून यायची. मग खोती गेली, बोलवणारा कोणी उरला नाही, आणि ज्याची-त्याची जमीन ज्याच्या-त्याच्या नावावर झाल्यावर बांध कोणाचाच नव्हता. एका पावसाळ्यात खांड पडली ती तशीच राहिली.

म्हणजे नकाशा बरोबर होता. जमीन खाडीत नाही गेली, खाडी जमिनीत आली. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच आहे. आकार २ रुपये ३७ पैसे, जुन्या कागदावर तोच २ रुपये ६ आणे. आम्ही अजून भरतोय.

खेकडा | १७ जून, रात्री ११:५२

कोळंबीचा शब्द मागे घेतो.

काळाकोट | १८ जून, सकाळी ९:४०

बांध पुन्हा घालायचं मनात असेल तर आत्ताच विसरा. कांदळ आलंय म्हणालात. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवन आणि त्याभोवतीचे पन्नास मीटर यांना हात लावता येत नाही, जमीन खासगी असली तरी. सारा मात्र भरत राहा.

हापूसवाली | १८ जून, दुपारी १:०५

आणि गडगा? ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तो? त्याचं काय झालं?

कातळसडा | १८ जून, रात्री १०:२५

तेच लिहायचं टाळत होतो.

गडगा ६१/२ आणि ६१/३ च्या मधे. आजच्या कागदावर एक आमचा, एक अण्णांचा. मोजला, टिपणाच्या रेघेशी दोन आण्यांचा, म्हणजे चारेक फुटांचा फरक. त्यात काही नाही. पण बोटखतात ६१ नंबरात आमच्या पणजोबांचं नाव नाही, अण्णांच्याही नाही. दोन्ही हिस्से एकाच तिसऱ्या माणसाकडे, पऱ्ह्यापलीकडच्या वाडीतला. खोताला द्यायचं धान्य लिहिलंय आणि त्याच्यापुढे मोडीत चार अक्षरं. बोरूचीशाई ताईंनी वाचली: "गडगा स्वतः घातला". पुढे १९४० च्या दशकातल्या एका सातबाऱ्यावर त्याच्याच मुलाचं नाव कुळाच्या जागी आहे, पेन्सिलीने, आणि १९५७ च्या आत ते खोडलेलं. त्याचा नातू गावातच असतो, आमच्या भातलावणीला येतो.

बोरूचीशाई | १८ जून, रात्री १०:५८

ती अक्षरं मी तीनदा पाहिली. शंका नाही.

काळाकोट | १८ जून, रात्री ११:०५

पेन्सिलीची नोंद प्रमाणित नसते, तिच्यावर फारसं काही उभं राहत नाही. एवढ्या वर्षांनी तर नाहीच. हे वकील म्हणून सांगतोय.

शंकूसाखळी | १९ जून, सकाळी ६:००

तिसऱ्या थरात त्याचं नाव घातलंत का?

कातळसडा | १९ जून, सकाळी ७:३०

घातलं. गडद हिरव्यात. काकांना अजून दाखवलेलं नाही. लावणी पंधरा दिवसांवर आली आहे, तो येईल तेव्हा मीही गावी असेन.